सरकारी साहाय्याची जमीन व तिच्या अटी

जमीन मिळविणें आणि जमीन राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिल्या कामीं सरकारचें साहाय्य मिळूं शकतें. दुसरें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. शेतकऱ्यास जमीन घेण्यासाठीं, किंवा असलेली जमीन सुधारण्यासाठीं, सार्वजनिक पैसा अथवा कायद्याचा आधार मिळतो, तेव्हां त्याबरोबर कांहीं अटी येतात. साहाय्य घेतांना त्या अटी फारसें कोणी वाचीत नाहीं. पुढें दहावीस वर्षांनीं जमीन गहाण ठेवण्याची, विकण्याची किंवा भावाभावांत वांटण्याची वेळ आली, म्हणजे त्याच अटी सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांतून डोकें वर काढतात. मग कोणी तलाठ्यावर रागावतो, कोणी दलालाच्या पाठीं लागतो, आणि कोणी साध्या कागदावर व्यवहार उरकून मोकळा होतो. या तिन्ही वाटांनीं नुकसान शेतकऱ्याचेंच होतें.

प्रस्तुत लेखकाचीं कामाचीं वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत, फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत व तपासण्यांत गेलीं. त्या कामांत एक गोष्ट वारंवार दिसून आली ती अशी, कीं अटी कडक असल्यामुळें जितक्या जमिनी गेल्या, त्याहून अधिक जमिनी अट ठाऊकच नसल्यामुळें गेल्या. म्हणून या लेखांत आपल्या भागांतील शेतकऱ्याशीं ज्यांचा संबंध येतो अशा चार प्रकारच्या साहाय्यांच्या अटी क्रमानें सांगावयाच्या योजिल्या आहेत, आणि शेवटीं सही करण्यापूर्वीं काय पाहावें हें दिलें आहे.

काशीद, नांदगांव, बोर्ली या समुद्रालगतच्या पट्टींत हा विषय विशेष निकडीचा आहे. ज्या भातशेताची किंमत पूर्वीं त्यांत किती खंडी भात पिकतें यावरून ठरत असे, त्याच शेताची किंमत आतां तेथून समुद्र किती पावलांवर आहे यावरून ठरते. एका बाजूस फणसाडचें अभयारण्य, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मध्यें उरलेली चिंचोळी पट्टी एवढीच आपली शेती. ती एकदां घरांच्या व उपाहारगृहांच्या पायांखालीं गेली म्हणजे तेथें पुन्हां नांगर चालत नाहीं.

अट कशासाठीं असते

खारेपाटांतील शेतकऱ्यास अटीचा अर्थ समजावून सांगण्याची फारशी गरज पडूं नये. खाडीकांठची शेती बाहेरकाठ्याच्या आश्रयानें उभी असते. बाहेरकाठा एका खातेदाराचा नसतो. त्याच्या आंत शंभर जणांचीं शेतें असतात. एखाद्यानें आपल्या सोयीसाठीं बांध कापला आणि तेथें खांड पडली, तर उधाणाचें पाणी त्याच्या एकट्याच्या शेतांत थांबत नाहीं. तें शंभरांच्याही शेतांत शिरतें, आणि जमिनीचा खार पुन्हां धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागतात. म्हणून जुन्या काळीं बांध दुरुस्तीस गांवानें मिळून जावें अशी चाल होती, आणि बांधास हात लावणें हा गांवाचा अपराध मानला जाई.

सार्वजनिक साहाय्यास जोडलेली अट हा असाच एक बांध आहे. कसणाऱ्याच्या हातीं जमीन यावी म्हणून लोकांचा पैसा किंवा लोकांनीं केलेला कायदा खर्चीं पडला. ती जमीन दुसऱ्याच वर्षीं न कसणाऱ्याच्या हातीं गेली, तर तो खर्च फुकट गेला असें होईल. म्हणून बहुतेक अटी फिरून फिरून तीनच गोष्टी सांगतात: जमीन स्वतः कसावी, परवानगीवांचून दुसऱ्यास देऊं नये, आणि तिचे निरुपयोगी तुकडे करूं नयेत. कलमें आणि नमुने पुष्कळ असले तरी हीं तीन सूत्रें ध्यानांत ठेवल्यास कोणताही कागद समजण्यास सोपा जातो.

अटीचा जाच होत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. लग्नकार्य, आजारपण, मुलाचें शिक्षण अशा प्रसंगीं शेजाऱ्याची बिनशर्त जमीन लौकर विकली जाते आणि आपली अडून राहते, हें खरें आहे. परंतु अडचणीच्या वेळीं जी जमीन लौकर विकतां येते, ती अडचणीच्या वेळींच स्वस्तांतही जाते. ही दुसरी बाजूही ध्यानांत असावी.

पहिला प्रकार: कुळकायद्यानें मिळालेली जमीन

आपल्या जिल्ह्यांत सर्वांत अधिक अटी ज्या जमिनींवर आहेत, त्या कुळकायद्यानें मिळालेल्या आहेत. हा जिल्हा पूर्वीं कुलाबा म्हणून ओळखला जाई; १९८१ सालीं त्यास रायगड हें नांव मिळालें. मुरूड तालुक्यांतील काशीदसह हा भाग १९४८ सालापर्यंत जंजिरा संस्थानांत होता. कुलाब्यांतील खोतीचा जाच आणि त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप सर्वांच्या ऐकण्यांत आहे. या संपांत कुळांनीं वर्षानुवर्षें शेतें पडीक ठेवून हाल सोसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवशीं कसणारें कूळ कायद्यानें जमिनीचा खरेदीदार मानलें गेलें.

त्या खरेदीची किंमत कशी ठरली तें पाहिलें म्हणजे अटीचें कारणही कळतें. कायम कुळांखेरीज इतरांच्या बाबतींत, शेतजमीन न्यायाधिकरणानें ठरवावयाची जमिनीची किंमत आकाराच्या २० पटीहून कमी नसावी व २०० पटीहून अधिक नसावी, असें बंधन कलम ३२-ह नें घातलें. विहिरी, झाडें व बांधकामें यांची किंमत निराळी. समजा, एका शेताचा आकार ६ रुपये आहे. तर त्याच्या जमिनीची किंमत १२० रुपयांहून कमी व १२०० रुपयांहून जास्त धरतां येत नव्हती, आणि ती रक्कमही हप्त्यांनीं फेडण्याची सवलत होती. किंमत फिटली म्हणजे कलम ३२-म चें प्रमाणपत्र मिळे. बाजारभावाहून पुष्कळच कमी किंमतींत ही जमीन कुळाच्या नांवें झाली. हें साहाय्य रोख अनुदानाच्या रूपानें दिलें गेलें नाहीं, एवढाच काय तो फरक. साहाय्याचें मोल मात्र मोठें होतें.

त्याच्या बदल्यांत दोन मुख्य अटी आल्या. कलम ३२-र प्रमाणें खरेदीदारानें जमीन जातीनें कसावी. कलम ४३ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवांचून ती विकूं नये, बक्षीस देऊं नये, अदलाबदल करूं नये, गहाण ठेवूं नये, पट्ट्यानें देऊं नये. सातबारावर ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’ असे शब्द दिसले म्हणजे ती याच प्रकारची जमीन होय. वारसानें जमीन मुलाबाळांच्या नांवें होणें हें हस्तांतर नव्हे. त्यास या कलमाची आडकाठी नाहीं. परंतु वारसाबरोबर अटही पुढच्या पिढीकडे येते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आजोबांनीं घेतलेली जमीन म्हणजे आपली बिनशर्त जमीन, असा समज नातवानें करून घेऊं नये.

या बाबतींत २०१४ सालीं मोठा फरक झाला. त्या वर्षींच्या सुधारणा कायद्यानें असें ठरलें, कीं खरेदीच्या तारखेपासून दहा वर्षें उलटून गेलीं असल्यास विक्रीसाठीं पूर्वपरवानगीची जरूर नाहीं. मात्र चार गोष्टी पाळल्या पाहिजेत. विकणारानें विक्रीपूर्वीं आकाराच्या ४० पट नजराणा सरकारांत भरावा. घेणारा शेतकरी असावा. घेणाराची एकूण जमीन १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्यांतील मर्यादेहून अधिक होऊं नये. आणि १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याचा भंग होऊं नये.

वरचेंच उदाहरण घेऊं. आकार ६ रुपये असल्यास नजराणा ६ × ४० म्हणजे २४० रुपये. आजच्या किंमतीपुढें ही रक्कम नगण्य आहे. तेव्हां २०१४ नंतर या जमिनींस पैशाचा अडसर उरला नाहीं आणि अधिकाऱ्याच्या परवानगीचाही उरला नाहीं. शेती राखणाऱ्या अटी आतां तीनच उरल्या: घेणारा शेतकरी, कमाल मर्यादा आणि तुकडेबंदी. त्या पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहण्याची पहिली जबाबदारी आतां विकणाऱ्यावर आली आहे. सवलत मिळाली म्हणून जागरूकता कमी करून चालणार नाहीं; उलट ती वाढविली पाहिजे.

व्यवहारांत याच तीन ठिकाणीं पळवाटा काढल्या जातात. शहरांतील कोणी गृहस्थ जमीन घेऊं इच्छितो, पण तो शेतकरी नसतो. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें परवानगीवांचून त्यास शेतजमीन घेतां येत नाहीं. मग दुसऱ्याच्या नांवें खरेदी, किंवा संशयास्पद दाखला, किंवा नोंदणी न केलेला करार करून ताबा असे प्रकार सुचविले जातात. कोणी एकेक दोनदोन गुंठ्यांचे तुकडे पाडून दहा जणांस देण्याची युक्ति सांगतो. असा व्यवहार उघडकीस आल्यास कलम ८४-क प्रमाणें चौकशी होऊन हस्तांतर अवैध ठरतें व जमीन सरकारजमा होऊं शकते. तोंपर्यंत दलाल आपली दलाली घेऊन दूर गेलेला असतो, आणि चौकशीच्या नोटिशीवर नांव असतें तें शेतकऱ्याचें.

आदिवासी खातेदारांविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे. आपल्या डोंगरकडेच्या वाड्यांतून कातकरी व ठाकूर कुटुंबांच्या नांवें थोडीथोडी जमीन आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीनें घेण्यावर जमीन महसूल संहितेनें निराळें व अधिक कडक बंधन घातलें आहे, आणि वर सांगितलेली २०१४ ची सवलत तें बंधन दूर करीत नाहीं. शेजारच्या गरीब खातेदाराची अशी जमीन ‘नुसत्या कागदावर’ घेण्याच्या मोहांत कोणीही पडूं नये.

दुसरा प्रकार: जमीन विकत घेण्यासाठीं अनुदान

जमीन विकत घेण्यासाठीं सरळ अनुदान देणारी आपल्या राज्यांतील प्रमुख योजना म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. ती २००४-०५ सालीं सुरू झाली. अनुसूचित जातींतील व नवबौद्ध समाजांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन शेतमजूर कुटुंबास ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळवून द्यावी, असा तिचा उद्देश आहे. आरंभीं किंमतीचा निम्मा भाग कर्ज व निम्मा अनुदान असे. २०१८ सालच्या शासननिर्णयानें सर्वच रक्कम अनुदान म्हणून देण्याचें ठरलें. त्या निर्णयानें जिरायतीस एकरीं ५ लाख व बागायतीस एकरीं ८ लाख रुपये अशी कमाल मर्यादा घातली. म्हणजे एका कुटुंबामागें जिरायतीस २० लाख आणि बागायतीस १६ लाख रुपयांपर्यंत रक्कम होते. विधवा व परित्यक्ता स्त्रियांस या योजनेंत प्राधान्य आहे. जमीन पतिपत्नी दोघांच्या नांवें होते. विधवा व परित्यक्ता यांच्या बाबतींत ती त्यांच्या एकट्यांच्या नांवें होते.

या जमिनीच्या अटी थोडक्यांत अशा, कीं लाभार्थ्यानें ती स्वतः कसावी, विकूं नये आणि दुसऱ्यास पट्ट्यानें देऊं नये. वर सांगितलेल्या तीन सूत्रांपैकीं दोन येथेंही जशींच्या तशीं आढळतात.

वाचकांपैकीं पुष्कळजण खातेदार असल्यामुळें ही योजना आपल्याकरितां नाहीं, असें त्यांस वाटेल. परंतु जमीन विकणारा तर खातेदारच असतो. एखाद्याचें मूल शेती करणार नाहीं, स्वतःच्यानें आतां होत नाहीं, आणि जमीन विकणें प्राप्तच आहे, अशा खातेदारानें समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयांत आपली जमीन योजनेसाठीं देऊं करावी. तिची किंमत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति पाहते, रक्कम सरकारकडून येते, आणि मुख्य म्हणजे ती जमीन शेतीच राहते. किनाऱ्याच्या रस्त्यालगत आज जे भाव सांगितले जातात, त्यांपुढें एकरीं ५ लाखांची मर्यादा टिकत नाहीं हें उघड आहे. समुद्र दिसणारी जमीन या योजनेंत कोणी देणार नाहीं. पण डोंगराच्या बाजूस, रस्त्यापासून आंत असलेल्या जमिनींस हा मार्ग मोकळा आहे, आणि गांवांतीलच एका कसत्या कुटुंबास त्यायोगें पाय रोवतां येतो.

तिसरा प्रकार: वाडी व फळबाग

आमच्या किनाऱ्याची ओळख म्हणजे नारळ, सुपारी व आंबा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें रायगडच्या किनाऱ्यावरील वाड्या आडव्या केल्या, आणि दोन पिढ्यांनीं वाढविलेलीं झाडें एका दिवसांत पडलीं. मोकळी झालेली वाडी तशीच पडून राहिली म्हणजे ती विकावी असें मनांत येऊं लागतें. म्हणून पुनर्लागवड हेंही जमीन राखण्याचेंच काम आहे.

रोजगार हमीच्या योजनेशीं जोडलेली फळबाग लागवड १९९० च्या सुमारास सुरू झाली. त्या मार्गानें ज्यांस लाभ घेतां येत नाहीं, त्यांच्याकरितां २०१८ सालीं भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना निघाली. कोकणांत किमान १० गुंठे व कमाल १० हेक्टर इतक्या क्षेत्रास ती लागू होते. अनुदान एकदम मिळत नाहीं; पहिल्या वर्षीं ५० टक्के, दुसऱ्या वर्षीं ३० टक्के आणि तिसऱ्या वर्षीं २० टक्के अशा तीन हप्त्यांनीं मिळतें. ठरलेल्या प्रमाणांत झाडें जगलीं असतील तरच पुढचा हप्ता मिळतो, आणि मेलेल्या झाडांच्या जागीं लाभार्थ्यानें स्वखर्चानें नवीं झाडें लावावयाचीं असतात.

हप्त्यांची ही पद्धत चांगली आहे. खड्डे खणून रोपें लावणें सोपें असतें. उन्हाळ्यांत तीं जगविणें कठीण. सरकार दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा पैसा मागें ठेवतें तें याच कठीण कामासाठीं. ज्याच्या वाडींत मार्चनंतर पाण्याची सोय नाहीं, त्यानें आधीं विहीर पाहावी आणि मग झाडांचा आंकडा लिहावा. अर्जांत झाडें अधिक दाखविलीं म्हणजे पैसे अधिक मिळतील, हा हिशेब पहिल्याच वर्षीं बरोबर वाटतो. दुसऱ्या वर्षीं तोच उलटतो.

येथें एक कागदी अडचण नेहमीं येते. सामाईक खात्यांत सर्व सहधारकांचें संमतिपत्र लागतें, आणि सातबारावर कुळाचें नांव असल्यास त्याचीही संमति लागते. आमच्याकडे एकेका सातबारावर पंधरापंधरा नांवें असतात; त्यांपैकीं कोणी मुंबईस, कोणी परदेशीं. म्हणून मे महिन्यांत चाकरमानी गांवीं येतात त्याच वेळीं संमतिपत्रें करून ठेवावींत. तसेंच पीकपाहणींत आपल्या झाडांची नोंद दरवर्षीं होते कीं नाहीं तें पाहावें. वादळानंतरचा पंचनामा सातबाऱ्याशीं ताडून पाहिला जातो; ज्या वाडीची नोंदच नाहीं, तिची हानि दाखविणें अवघड जातें.

चौथा प्रकार: खारभूमीचे बांध

खारभूमीच्या संरक्षणासाठीं १९४८ सालीं पहिला कायदा झाला व पुढें १९७९ चा खारभूमि विकास कायदा आला. या कायद्याखालीं सरकारी खर्चानें बांध व उघाड्या बांधल्या जातात. येथें कोणा एका खातेदाराच्या हातीं पैसा पडत नाहीं, म्हणून हें अनुदान आहे हेंच आपण विसरतों. सरकारी योजनेच्या बांधाची नासधूस करण्यास कायद्यानें मनाई आहे. उघाडीच्या फळ्या मासळीसाठीं काढून ठेवणें किंवा बांध कापून खारें पाणी आंत घेणें हें आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणें होय.

या बाबतींत एक गोष्ट प्रत्येक खारेपाटकरानें मनांत कोरून ठेवावी. बांध फुटला आणि दोनचार वर्षें दुर्लक्ष झालें, तर शेतांत तिवर उगवतात. तिवरांची तोड करण्यास मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं हंगामी हुकमानें व २०१८ सालीं अंतिम निकालानें मनाई केली आहे. तिवरें समुद्रकिनाऱ्याचें रक्षण करतात, म्हणून हा निर्णय योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो, कीं शेतांत एकदां तिवरांचें वन उभें राहिलें म्हणजे तें कापून पुन्हां भात लावतां येत नाहीं. सातबारा आपल्या नांवें राहतो आणि शेत मात्र हातचें जातें. म्हणून पहिली खांड दिसतांच गांवानें एकत्र येऊन खारभूमि विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोंच घ्यावी, आणि मातीचें जें काम आपल्या हातांनीं होण्यासारखें असेल तें त्याच आठवड्यांत करावें.

इतर देशांतील रीति

शेतजमीन शेतीखालींच राहावी ही चिंता आपल्याच देशास आहे असें नव्हे. फ्रान्स देशांत १९६० सालच्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं भूमिसंस्था स्थापन झाल्या. विकावयास निघालेली शेतजमीन या संस्था घेतात व कसणाऱ्यास पुन्हां विकतात. घेणाऱ्यास ती किमान दहा वर्षें शेतीखालीं ठेवण्याचें बंधन पत्करावें लागतें. अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानानें १९७७ सालीं निराळी युक्ति योजिली. तेथें सरकार जमीन घेत नाहीं. जमिनीवर घरें बांधण्याचा हक्क तेवढा शेतकऱ्याकडून विकत घेतें. शेतकऱ्यास पैसा मिळतो, जमीन त्याच्याच नांवें राहते, आणि ‘येथें शेतीच होईल’ असा लेख नोंदणीच्या दप्तरांत कायमचा चढतो. १९९६ पासून तेथील मध्यवर्ती सरकारही अशा हक्काच्या किंमतीच्या निम्म्यापर्यंत वांटा उचलूं लागलें.

आपल्याकडे अट साहाय्याबरोबर येते. तेथें अटीसाठींच साहाय्य दिलें जातें. पण एक मुद्दा दोन्हीकडे सारखा आहे. मेरीलँडांतील लेख जमिनीवर बसतो, माणसावर नव्हे. मालक बदलला तरी लेख टिकतो. आपल्या ‘इतर हक्क’ रकान्यांतील नोंदीचा गुणही तोच आहे. म्हणून घेणारानेंही त्या रकान्याकडे विकणाऱ्याइतकेंच लक्ष दिलें पाहिजे.

सही करण्यापूर्वीं काय पाहावें

कोणतेंही सरकारी साहाय्य घेतांना, किंवा असें साहाय्य लाभलेली जमीन घेतांना अथवा देतांना, पुढील गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्या.

१. जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे कीं वर्ग २ ची? सातबारावर हें लिहिलेलें असतें. वर्ग २ ची असल्यास गांव नमुना १-क मध्यें ती कोणत्या कारणानें आली आहे तें तलाठ्यास, म्हणजे ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी असें नांव आहे त्यांस, विचारावें.

२. ‘इतर हक्क’ रकान्यांत कोणती नोंद आहे आणि तिच्यापुढें कोणता फेरफार क्रमांक आहे? त्या क्रमांकाचा गांव नमुना ६ चा उतारा मागून घ्यावा. सातबारांत अटीचें नांव असतें. अटीचा मजकूर फेरफारांत असतो.

३. अट किती मुदतीची आहे, आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजावयाची? कुळकायद्याच्या जमिनीस कलम ३२-म चें प्रमाणपत्र घरांत आहे का तें शोधावें. नसल्यास तहसील कार्यालयांतून नक्कल घ्यावी.

४. स्वतः कसण्याची अट आहे का? असल्यास जमीन बटाईनें किंवा पट्ट्यानें देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

५. साहाय्य हप्त्यांनीं मिळावयाचें असल्यास पुढचा हप्ता कशावर अवलंबून आहे, आणि तें काम आपल्यानें खरोखर होईल का?

६. अट मोडल्यास पैसा परत द्यावा लागेल, कीं जमीनच जाईल? हा प्रश्न विचारण्यास लाजूं नये. त्याचें उत्तर तोंडीं न घेतां शासननिर्णयांतील किंवा करारनाम्यांतील वाक्य दाखवावयास सांगावें.

७. सर्व सहधारकांस, विशेषतः बहिणींस व आईस, व्यवहार ठाऊक आहे का? ज्यांचें नांव सातबारावर आहे त्यांची संमति हा उपचार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे.

८. अट पूर्ण झाली असल्यास ती नोंद कमी करण्याचा अर्ज केला आहे का? कर्ज फिटलें तरी बोजा तसाच, मुदत संपली तरी शेरा तसाच, असे सातबारे शेंकड्यांनीं आढळतात. दप्तर आपण होऊन बदलत नाहीं. त्यास अर्ज लागतो.

या आठ प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून तो कागद खरेदीखताबरोबर ठेवावा आणि घरांतील कर्त्या स्त्रीपुरुषांस तो वाचून दाखवावा. कागद एकट्या कर्त्याच्या पेटींत राहिला, तर त्याच्यामागें अटीची माहितीही त्याच्याबरोबर जाते आणि मुलांच्या हातीं नुसता सातबारा उरतो.

तात्पर्य, साहाय्य आणि अट हीं एकाच दाण्याचीं दोन दळें आहेत. एक घेऊन दुसरें टाकतां येत नाहीं. चरीच्या संपापासून कृषक दिनापर्यंत चोवीस वर्षें लागलीं, आणि त्या काळांत पुष्कळांनीं उपास काढले, तेव्हां जमीन कसणाऱ्याच्या नांवें झाली. आज ती जाण्यास निबंधकाच्या कचेरींतील एक दुपार पुरते. जिला विकणें अपरिहार्य आहे ती जमीन अवश्य विकावी. तो शेतकऱ्याचा हक्क आहे. मात्र कायद्याच्या वाटेनें विकावी, शक्य तों कसणाऱ्यास विकावी, आणि आपल्या एका व्यवहारानें शेजाऱ्याच्या शेताची वाट, त्याचें पाणी किंवा गांवाचा बांध तुटत नाहीं एवढें पाहून विकावी. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपला सातबारा काढून त्यांतील ‘इतर हक्क’ हा रकाना एकदां शांतपणें वाचावा, एवढीच विनंति.